पिंजऱ्यातलं करडू

समजा, तुमच्या घराच्या तीन बाजूंना ऊस आहे. डोक्याच्या वर गेलेला, दाट, वारा नसतानाही मधूनच सळसळणारा. चौथ्या बाजूला मातीचा रस्ता. दिवस कलला की आई हाक मारते, "आत या रे," आणि तिचा आवाज रोजच्यासारखा नसतो. तुम्ही आत जाता, पण जाताना एकदा मागं वळून उसाकडं बघता. ऊसही आपल्याकडं बघतोय असं वाटतं. दिसलं ना घर? आता त्या घरात दहा वर्षांची सुवार्ता राहते असं समजा.

केंदूरच्या पुढं, ओढ्याकडेच्या वस्तीवर तिचं घर. घरात आई प्रतिभा, रांजणगावला कंपनीत जाणारे पप्पा महेंद्र, चार वर्षांचा आयुष आणि आजोबा. आजोबांचं नाव चांगदेव, पण अख्खी वस्ती त्यांना आबाच म्हणायची.

नाताळ तीन आठवड्यांवर आला की या घरात एक काम निघायचं. ओढ्यातून चिकणमाती आणायची, खडे वेचायचे, भिजवायची, तुडवायची आणि नाताळचा गोठा मांडायचा. आबांची आई केडगावच्या मिशनात वाढलेली. ही रीत तिच्यापासूनची. गव्हाणीतलं बाळ, मरिया आणि योसेफ जुनेच, दरवर्षी पत्र्याच्या डब्यातून निघणारे. जनावरं मात्र दरवर्षी नवी. घरातल्या प्रत्येकानं एक करायचं, आणि तेही आपल्या शिवारातलं. उंट करायचा नाही, कारण उंट कुणी नीट बघितलेला नाही.

"आधी बघायचं," आबा सांगायचे. "पोटभर बघायचं. मग मातीला हात लावायचा."

आबा स्वतः नेमकं कुणालाच नको असलेलं जनावर करायचे. एका वर्षी विंचू, एका वर्षी घुबड. पप्पा हसायचे, "आबा, ह्याला कुणी आवतण दिलं?"

"त्याच्या दारात कुणाला बंदी न्हाई," आबा म्हणायचे आणि विंचवाची नांगी नीट करायचे.

या वर्षी सुवार्तानं टिकली केली. टिकली म्हणजे त्यांचं करडू. काळं, कपाळावर पांढरा ठिपका. तिची आई वारली तेव्हापासून सुवार्ताच तिला बाटलीनं दूध पाजायची. दोन दिवस तिच्यासमोर बसून सुवार्तानं बघितलं. तिचा डावा कान टोकाला दुमडतो हे इतक्या महिन्यांत तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तो कान करताना तिनं श्वास रोखून धरला होता.

आबांनी त्या मातीच्या करडाशेजारी आपलं जनावर आणून ठेवलं. बिबट्या. बसलेला, पाय पोटाशी घेतलेला.

सुवार्ता मागं सरकली. चारच दिवसांपूर्वी शेजारच्या भागुबाईच्या दोन शेळ्या गेल्या होत्या. दावं तुटलेलं, आणि उसापर्यंत काहीतरी फरपटत नेल्याची खूण. ती खूण सुवार्तानं शाळेत जाताना बघितली होती.

"हा नको, आबा."

"देव एक दिस असा आणणार हाय बाळा, की ह्यो आन् करडू एका जागी बसतील. कुणी कुणाला भ्यायचं न्हाई."

"कधी?"

"ते मला ठावं न्हाई."

सुवार्तानं बिबट्या उचलला आणि मागच्या कोनाड्यात, तोंड भिंतीकडं करून ठेवला. आबा रागावले नाहीत. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात गेली आणि तिथंच थांबली. उरलेली माती त्यांनी रात्री पोत्यावर पसरून ठेवली होती. आयुषनं ती तुडवलेली, त्याचं एक इवलं पाऊल तिच्यात नीट उमटलं होतं. त्या पावलाला लागून दुसरा एक ठसा होता. गोल, बशीएवढा, पुढं चार बोटं. कुत्र्याच्या ठशासारखी नखं कुठंच उमटली नव्हती.

आईनं आयुषला उचलून घेतलं. तो आता जड झाला होता, पण दिवसभर तिनं त्याला खाली सोडलं नाही.

दुपारी वनखात्याचे लोक ट्रॅक्टरवर पिंजरा घेऊन आले. लांबलचक लोखंडी पिंजरा, मध्ये जाड जाळी. पुढच्या मोठ्या भागात बिबट्या शिरायचा, मागच्या लहान भागात शेळी बांधायची.

"शेळी कुणाची घ्यायची?" गार्डनं विचारलं.

जमलेले सगळे आपापल्या पायांकडं बघायला लागले.

"माझ्याकडं बघू नका," भागुबाई म्हणाली. "माझ्या दोन गेल्या. दोनच ऱ्हायल्यात, त्याबी गाभण." मग ती आबांकडं वळली. "व्हय ओ आबा, तुमचा देव मेंढपाळ हाय म्हणता न्हवं? बांधा की तुमचं करडू. राखंल त्यो! आमचं अख्खं खानदान मेंढरं राखण्यात गेलं, पर वाघापुढं कुणाचं चाललं न्हाई."

दोघं-तिघं हसले. आबाही थोडं हसले, पण त्यांचा हात काठीवर घट्ट झाला होता.

आई हसली नाही. तिनं आयुषला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "टिकलीला घ्या," ती म्हणाली.

"मम्मी!"

"सुवार्ता, तो अंगणात आला होता. आयुषच्या पावलाजवळ."

गार्ड सुवार्तासमोर वाकला. "बाळ, मध्ये जाळी असते. करडाला नखसुद्धा लागत नाही." आणि मग, खरं बोलायची सवय असलेला माणूस होता म्हणून, त्यानं पुढं जोडलं, "बहुतेक."

सूर्य उसाआड गेला तसं टिकलीचं ओरडणं सुरू झालं. पिंजरा घरापासून शंभर पावलांवर, बांधाच्या कडेला होता. दार लावलं तरी ऐकू यायचं. मोबाईलवर गाणी लावून पप्पांनी बघितलं, मग बंद केली. गाण्याच्या खालून ते ओरडणं आणखीनच केविलवाणं वाटत होतं.

जेवणाआधी आबांनी प्रार्थनेला हात जोडले. सुवार्तानं हात मांडीखाली घेतले.

"मी आमेन म्हणणार नाही."

"बरं," आबा म्हणाले. "मी दोघांचं म्हणतो."

त्यांनी प्रार्थना केली. टिकलीचं नाव घेतलं. आणि मग, सुवार्ताला अजिबात आवडलं नाही, पण उसातल्या त्या जनावराचंही बरं मागितलं.

"आबा, टिकलीनं कुणाचं काय वाईट केलं होतं?"

"काही न्हाई."

"मग ती का?"

कोपऱ्यात अर्धवट मांडलेला गोठा होता, तिकडं आबा बघत राहिले. गव्हाणीतल्या बाळाच्या नाकाचा रंग कधीचा उडाला होता.

"आपला आयुष ऱ्हावा म्हणून ती तिथं हाय," ते हळू म्हणाले. "काही गुन्हा न करता दुसऱ्यासाठी असं बांधून घेणारा एक आधीबी होऊन गेला. त्यालाबी त्या येळंला कुणी सोडवाया आलं न्हाई. माझ्या आईनं मला हे सांगितलं तवा मी तुझ्याएवढा होतो. मलाबी रडू आलं होतं."

"आणि तेव्हा तुम्हाला खरं वाटलं?"

"न्हाई. मागनं वाटलं. लई मागनं."

सुवार्ता आणखी काही विचारणार होती, तेवढ्यात टिकली ओरडायची थांबली.

नुसती थांबली. जसं कुणी नळ बंद करावा तसं. कुत्री भुंकत नव्हती. उसाचं एक पान हललं नाही. आईनं हातातलं ताट तसंच धरून ठेवलं. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा मोठा आवाज झाला आणि त्यामागून एक गुरगुर आली. ती कानाला कमी आणि छातीला जास्त लागली.

"उजाडेपर्यंत कुणी दार उघडायचं नाही," पप्पा म्हणाले आणि दारापाशी पाठ टेकून बसले. टिकलीचा आवाज पुन्हा आला नाही. ती रात्र कशी गेली ते सांगत नाही. तुम्हाला कळलंच असेल.

फटफटलं तेव्हा बांधावर ही गर्दी. सुवार्ता पप्पांचा हात धरून पुढं घुसली.

"ओ मामा, सरका की बाजूला, फोटोत तुमची टोपी येतीय!"

"वाघ हाय का मांजर? कसा गप पडलाय बघ."

"आता गप पडलाय! काल रात्री यायचं होतंस त्याला मांजर म्हणायला!"

जाळीच्या पलीकडं टिकली होती. बसलेली. जिवंत. तिचं अंग थरथरत होतं, डावा कान तेवढा वळत होता. आणि जाळीच्या अलीकडं, हातभर अंतरावर, बिबट्या बसला होता. पाय पोटाशी घेऊन. मध्ये जाळी होती. ती नसती तर काय झालं असतं हे सुवार्ताला माहीत होतं. तरीही ती बघत राहिली. आबा मागं येऊन उभे होते.

तिनं पोटभर बघितलं. बिबट्याचे पंजे अंगाच्या मानानं मोठे होते, वाढत्या पोरासारखे. बरगड्या मोजता येत होत्या. गजांवर डोकं आपटून कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि तो डोळा मिटावा की उघडा ठेवावा हे त्याला कळत नव्हतं.

"लांब व्हा! मारू नका!" गार्ड एकटाच ओरडत होता. बिबट्याला न्यायला वनखात्याची गाडी अजून यायची होती. कुणीतरी गजांतून बांबू खुपसला. भागुबाईनं काठी घेऊन पिंजऱ्याच्या टपावर दणका घातला. "माझ्या शेळ्या खातोस! गाभण हुती एक, गाभण!" ती रडत होती आणि मारत होती. प्रत्येक दणक्याला बिबट्या आकसायचा, आणि पलीकडं टिकलीही.

सुवार्ताच्या हातातला हात सुटला. पप्पा खाली वाकले. उठले तेव्हा त्यांच्या मुठीत दगड होता. त्यांचं तोंड तिला ओळखू येईना. ते रात्रभर दाराला पाठ लावून त्या इवल्या पावलाचाच विचार करत बसले असणार.

सुवार्तानं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"सोड, सुवार्ता."

तिनं सोडलं नाही. एकेक करून तिनं त्यांची बोटं उघडली. सगळ्यात शेवटी अंगठा. दगड काढून घेऊन तिनं तो बांधाच्या पलीकडं टाकला. मग ती गर्दीतून वाट काढत भागुबाईसमोर गेली आणि काठीसाठी हात पुढं केला.