पाटलाचे धोंडे

धरणाचं पाणी ओसरलं की तळाचा गाळ उघडा पडे. ज्यांची वावरं धरणात बुडाली, त्यांना त्या गाळावर उन्हाळी भुईमूग पेरायला एकेक पट्टी मिळे. जनकाबाईचं सारं काळंभोर रान बुडालं आणि वाट्याला पट्टी आली मुरमाची. शेजारची लोण्यासारखी पट्टी मिळाली संतराम पाटलाला. पाटलाचं बुडालं होतं काय, तर एक पडका गोठा. पण दुःख त्यालाच जास्त झालं होतं!

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाटलानं आपल्या काठावरचे धोंडे गाड्यांत भरले आणि जनकाबाईच्या पट्टीत नेऊन ओतले.

"पाटील, माझ्या वावरात काहून टाकून राहिले?"

"तुजं रान तसंबी दगडाचंच हाय. आता ज्याच्या वावरात, त्याचे धोंडे!"

पट्ट्या मोजायला वसमतहून आलेला धरणखात्याचा ओव्हरसियर पाटलाचा चहा पीत होता. त्यानं मान डोलावली.

जनकाबाई आधी रडली. मग पेरायला जागा व्हावी म्हणून तिनं एकेक धोंडा ढकलत नेऊन काठाला गडगा रचला. हाताची सालटं निघाली.

पावसाळ्यात धरण तुडुंब भरलं. वारा सुटला की लाटा तळाचा गाळ ढवळत आणि नदीची धार तो पुढं ओढून नेई. पाटलाच्या साफसूफ काठावर त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. गडग्यापाशी मात्र लाट मोडे, धार मंदावे आणि गाळ खाली बसे.

पाणी ओसरलं तेव्हा जनकाबाईच्या पट्टीत गुडघाभर गाळ होता. पाटलाकडं नुसता मुरूम आणि खालचे नवे धोंडे. पाटलानं तातडीनं ओव्हरसियरला आणलं.

"साहेब, माझा गाळ हिच्याकडं पळाला!"

ओव्हरसियर घाबरला. पट्ट्यांचा नकाशा बदलायचा म्हणजे वरपर्यंत कागद फिरणार. "गाळावर नाव नसतं, पाटील. पट्टीला नंबर असतो."

"मंग धोंडे तरी माझे! आत्ताच गाड्या लावतो."

जनकाबाईनं ओळखलं, धोंडे गेले की पुढच्या पावसाळ्यात गाळही जाणार. ती पदर खोचून पुढं आली.

"साहेब, मागल्या साली तुमी हितंच चहा पेत व्हता. पाटील काय म्हनले व्हते?"

भांडण इथंच मिटतंय, नकाशाला हात लावायला नको म्हटल्यावर ओव्हरसियरला सगळं लख्ख आठवलं. "ज्याच्या वावरात, त्याचे धोंडे. बरोबर आहे बाईचं."

पाटील रिकाम्या गाड्या वळवू लागला. जनकाबाईनं मागून हाक मारली, "पाटील, रिकाम्या काहून नेता? तुमच्या पट्टीत नवे धोंडे निघाले न्हवं? आना हिकडं, माझ्या गडग्याला अजून जागा हाय!"