मिसरातला सालगडी

वालूरला दत्तरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध मातीतून एक निळी बाहुली छातीपर्यंत वर आली होती. सकाळी तिचं नुसतं डोकं दिसत होतं.

"उठायलीय! बघा, उठायलीय!" सुलाबाई ओरडली आणि तिनं आणखी एक तांब्या बाहुलीच्या डोक्यावर रिकामा केला. मागं तांब्या घेऊन बायांची रांग.

ओसरीवरून दत्तरावांची बायको केवळाबाई बघत होती. आपल्या विहिरीचं पाणी आपल्याच अंगणात चिखल करायलंय, एवढंच तिला दिसत होतं.

विकणाऱ्याचं म्हणणं

"मेहेरबान! मिसर देशाच्या, म्हंजी इजिप्तच्या, बादशहाच्या थडग्यातली चीज! बादशहा मेल्यावर त्याचं सर्गातलं शेत कुणी कसलं? हिनं! हाक मारली की 'हजर' म्हणती. भाकर मागत न्हाई, सुट्टी मागत न्हाई. पुरा, रोज न्हाऊ घाला. मालक पसंत पडला की आपसूक वर येती. पण उपटणार मीच. दुसऱ्याचा हात वाळंल!" हिरव्या कोटातला नागनाथ मिसरी दम घ्यायला थांबला. "शौकिनांसाठीच काढलीय. पारख नसंल त्यानं लांबून नमस्कार करावा."

शौकिनांचं म्हणणं

दत्तरावांच्या काचेच्या कपाटात निजामाची नाणी, गंजकी तलवार आणि बंद घड्याळ होतं. पाथरीचे बन्सीधरशेठ असलंच गोळा करायचे. शेठ जीपमधून उतरले आणि बाहुली हेच नेतील म्हणून दत्तरावांचा धीर सुटला.

"माझी बैलजोडी घे!" ते नागनाथाला म्हणाले. "आता बैल कशाला? ही हाय की!" मग गोठ्याकडं तोंड करून, "येडबा, पाडव्यापासून दुसरं घर बघ बाबा."

गावातल्या सगळ्यांचे सालगडी ठरून गेले होते. येडबाला आता दुसरं घर कुठलं?

गोठ्यातलं म्हणणं

"मालकीणबाई," येडबा वैरण टाकत म्हणाला, "तिला कडबा तोडता येतो का हो?"

"हाताची घडी घालून उभी हाय रे. तू अशी घडी घातली असतीस, तर मालकानं दुपारची भाकर बंद केली असती."

बंद

बैल न्यायला नागनाथानं टेम्पो सांगितला होता. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला गेला. टेम्पो आला नाही, एस.टी. नाही. शेठची जीपही गावातच अडकली. बाया मात्र तांब्यासकट यायच्याच. गावातल्या सूर्यभाननं आपली भजनी मंडळी आणून बाहुलीभोवती बसवली. मंडळी उठेनात, म्हणून नागनाथाला बाहुली उपटता येईना. तो शेवटी टाळ वाजवायला लागला.

बंद लांबला, आणि एका सकाळी बाहुलीभोवती हिरवे कोंब दिसले.

"अगं बाई, केस आले!" सुलाबाईनं हात जोडले.

"मिसरातली दूर्वा हाय!" नागनाथ घाईनं म्हणाला.

केवळाबाई ओसरीवरून उतरली. तिनं कोंब उपटला. "दूर्वेच्या बुडाला हरभरा?"

"हात वाळंल, बाई!"

"वाळू दे. येडबा हाय कामाला."

तिनं माती उकरली. बाहुलीखाली पत्र्याची थाळी निघाली, आणि थाळीखाली खड्डाभर टम्म फुगलेला हरभरा.

"वाळका हरभरा भरला, वर थाळी, थाळीवर बाहुली, आन् माती. हरभरा पाणी पितो, फुगतो, थाळी वर ढकलतो. पाणी कुणी घातलं? सुलाबाई, हा चमत्कार तुमीच केला, तांब्या-तांब्यानं! डब्यात भिजवलेल्या हरभऱ्यानं झाकण उचललं तर तुमी कधी आरती केलीय का?"

"पण बाहुली तर मिसरातली हाय ना?" दत्तराव पुटपुटले.

पाण्यानं नीळ उतरून खालची वीटमाती उघडी पडली होती.

"आन् खरी असती तरी काय? ह्याच्याच तोंडून ऐकलं ना, ती मेलेल्याचं शेत कसती? अवो, तुमाला आधी मरावं लागलं असतं!"

अंगण हसलं. शेठ म्हणाले, "मी तर आधीच ओळखलं होतं," आणि जीपचं चाक तपासू लागले. नागनाथ सेलूच्या रस्त्याला लागला. बंद असला तरी त्याचे पाय चालू होते.

दत्तरावांनी चिखलातून पाय उपसले. मग गोठ्याकडं बघून हळूच म्हणाले, "येडबा... पाडव्याला ये."

"हजर हाय, मालक. पण मी भाकर मागतो. आन् सुट्टीबी."

तुमचं म्हणणं

ते तुम्हीच ठरवा. फक्त पुढच्या वेळी जमिनीतून कुणी वर यायला लागलं, तर तांब्या बाजूला ठेवा आणि खाली काय पुरलंय ते उकरून बघा. केवळाबाईचा हात वाळला नाही. त्याच हातानं तिनं रात्री उसळ केली.