पान तीनशे एकाहत्तर

मी एक जुना खंड आहे. मित्रांनो, खंड म्हटल्यावर भूगोल आठवून घाबरू नका. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, भौतिकशास्त्राच्या कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर एक जाडजूड निळे पुस्तक दिसले, तर तो मी.

जन्मतः मी एकसंध नव्हतो. एका संशोधन-पत्रिकेचे पातळ अंक महिन्याला एक असे टपालाने आले, आणि वर्ष सरल्यावर त्यांची मोट बाइंडरकडे गेली. त्याने आम्हाला सुईदोऱ्याने एकत्र शिवले, पाठीला सरस लावला, निळे कापड चढवले आणि यंत्राच्या पात्याखाली धरून कडा कापल्या. दोन ठिकाणी कागदाची घडी जरा आत राहिली होती. तिथे पाते पोहोचलेच नाही, आणि शेजारची दोन-दोन पाने वरच्या कडेला जोडलेली राहिली. बाइंडरच्या बायकोने ते दाखवले, तर तो म्हणाला, "राहू दे गं. वाचणारा घेईल फाडून."

केवढा हा विश्वास!

माझ्यात पान ३७१ पासून एक लेख सुरू होतो. कडाक्याच्या थंडीत तांब्याची तार वीज किती अडवते, याची मोजमापे त्यात आहेत. लेख गाजला. दुसऱ्या ग्रंथालयांतल्या माझ्या जुळ्या भावंडांपैकी कोणात तरी लोकांनी तो वाचला असावा. शेजारच्या फळीवर नवे अंक येत, त्यांच्या संदर्भांच्या यादीत माझे नाव असे. मी फुगलो. मग ध्यानात आले, की नाव येते आहे, माणूस येत नाही. कोणा विद्वानाने घाईत ३७१ चे ३१७ केले होते. दुसऱ्याने त्याचे बघून उतरवले, तिसऱ्याने दुसऱ्याचे. मेंढरामागे मेंढरू! माझ्या पान ३१७ वर काचेवर दव कसे साचते याचा लेख आहे. एकाने जरी मला उघडले असते, तरी चूक तिथेच मेली असती.

पुढे आमची स्कॅनिंगला रवानगी झाली. यंत्रवाल्याने जोडपान एकच समजून उलटले. त्यामुळे कॉम्प्युटरात ३६९ नंतर थेट ३७२ आले. लेखाचे नाव, लेखकांची नावे, सगळे पहिल्या पानावर होते, तेच नेमके गेले. आता शोधायला जावे तर असा लेखच नाही!

आणि मग ती आली. संशोधन करणारी मुलगी. तांब्याच्या तारेपलीकडे दुसरा विषय नाही, म्हणून सगळे तिला तारवाली म्हणत. तिच्या सरांना मुले पाठीमागे 'संदर्भसम्राट' म्हणत, कारण त्यांच्या लेखापेक्षा लेखाखालची यादी लांब असे. तारवालीची तार वीज जरा जास्तच अडवत होती. सरांनी सांगितले, "त्या गाजलेल्या लेखातल्या आकड्यांशी तुझे आकडे जुळत नाहीत. नवी तार घे, पहिल्यापासून मोज." म्हणजे दोन वर्षांची मेहनत पाण्यात, आणि प्रबंध तर हे सत्र संपायच्या आत द्यायचा.

सरांच्या यादीवरून तिने मला उघडले, ३१७ बघितले आणि धाडकन मिटले. माझी शिवण कळवळली. मला तोंड असते तर ओरडलो असतो, "अगं, पुढे चल, पुढे!"

"बाई, कॉम्प्युटरमध्ये हा लेख नाहीच," ती ग्रंथपालबाईंकडे जाऊन म्हणाली.

"मग पुस्तकात बघ."

"पुस्तकात दव आहे!"

"दव? छत परत गळायला लागलं की काय?"

"अहो, दवावरचा लेख!"

"अगं, मग शेवटची सूची बघितलीस का? ती काय शोभेला छापतात?"

तिने सूची बघितली. ३७१! धावत पाने उलटली, आणि रडकुंडीला आली. "बाई, पानच नाहीये. कोणी तरी फाडलं."

बाईंनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. "फाडलं नाही गं. फाडायचं राहिलंय."

त्यांनी पातळ पट्टी आत सरकवली आणि घडी अलगद कापली. इतक्या वर्षांनी त्या पानाला उजेड दिसला. तळाशी बारीक अक्षरात लिहिले होते: 'तार आधी लालबुंद तापवून, सावकाश थंड करून मग मोजली आहे. न तापवलेली तार बरीच जास्त वीज अडवते.' तारवालीने आपली तार तापवलीच नव्हती. ती खुर्चीत मटकन बसली आणि हसायला लागली.

मला बाहेर नेण्याची परवानगी नाही, म्हणून सरांनाच खाली बोलावले.

"हा लेख होय? हा तर मला पाठ आहे," सर म्हणाले.

"कमाल आहे सर," बाई म्हणाल्या. "पानं तर आत्ता कापली."

कापलेल्या कडेचा कागदी भुसा बोटाला लागलेला सरांनी बघितला. चष्मा पुसला. उभ्यानेच पान वाचले, पुन्हा वाचले.

"तुझे आकडे बरोबर आहेत," ते हळूच म्हणाले. "घे लिहायला. आणि हो, पानाचा नंबर नीट घाल."

"हो सर. या वेळी पुस्तकातूनच उतरवते."

प्रबंध वेळेवर गेला. तिच्या यादीत ३७१ छापून आले. आता सगळे ३७१ लिहितात, तिच्या यादीवरून उतरवून! मला उघडायला मात्र अजून कोणी आलेले नाही.

मित्रांनो, एवढीच विनवणी. ज्याचे नाव लिहाल, त्याला एकदा भेटून या. आपटू नका, पाठ मोडेल एवढे ताणू नका. बाइंडरने जोडलेली राहू दिली, ती दुसरी जागा अजून तशीच आहे. आत काय आहे ते मी सांगणार नाही. बाईंकडून पट्टी मागून आणा, आणि घ्या फाडून.