चाचणीत नसलेला रकाना

नव्या कीटकनाशकाची फाइल तपासनीस बाईंच्या टेबलावर आली, ती चांगली तीन गठ्ठ्यांची. उंदीर, मासे, मधमाश्या, फवारणी करणारी माणसं, सगळ्यांवर चाचण्या झालेल्या. पण झालेल्या परदेशात. तिथला फवारणारा बंद केबिनमध्ये बसतो, हातमोजे, मास्क आणि अंगभर सूट घालून. इथल्या नियमात मात्र एक ओळ होती: दोन देशांनी मंजूर केलेलं औषध पुन्हा तपासायची गरज नाही. ही ओळ लिहिणाऱ्याने जन्मात पंप पाठीला लावला नसावा, असं बाईंचं ठाम मत होतं.

साहेब म्हणाले, "अहो, सही करून टाका. शेजारच्या देशाने नाकारलं ते त्यांच्या नियमाने. आपल्या नियमात बसतंय ना?"

"आमचा दादा उघड्या हाताने फवारतो. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकतो. ती चाचणी कुठल्या पानावर आहे?"

"फॉर्ममध्ये तसा रकानाच नाही."

"मग मी आखते," म्हणत बाईंनी पट्टी घेऊन खरंच रकाना आखला आणि फाइल परत पाठवली. औषध दोन वर्षं तरी लांबलं. साहेबांचं तोंड कडू झालं, बाई मात्र मनातून जाम खूश होत्या.

दुपारी दादाचा फोन आला. "अगं, किडीने कोबीची पार वाट लावलीय. ते नवीन औषध तुझ्याकडेच अडलंय म्हणे?"

"परत पाठवलं. तुझ्या जिवाची काळजी म्हणून."

"मग आता मारू काय?"

"सध्या जुनंच मार."

फोन ठेवल्यावर, नव्याशी तुलना करावी म्हणून, बाईंनी जुन्या औषधाची फाइल मागवली. शिपायाने धूळ झटकून ती समोर ठेवली. आत तीनच पानं होती. नाव, डब्याचं माप आणि एक सही. चाचण्यांचा नियम यायच्या आधीची मंजुरी होती ती. एका उंदराचासुद्धा उल्लेख नव्हता. 

त्यांनी घाईघाईने फोन लावला. वहिनीने उचलला.

"वहिनी, दादाला दे आधी!"

"ते कधीच गेले पंप घेऊन. फोन घरीच राहिलाय. आज भलतेच खुशीत होते हो ताई. म्हणाले, आपली धाकटी त्याच खात्यात आहे, तिने सांगितलंय म्हणजे घाबरायचं कारण नाही."