महिनाभर टिकणारी पट्टी

माझा धाकटा भाऊ हातात सुताराची पटाशी घेऊनच जन्माला आला होता आणि याच गोष्टीचा मला राग होता. खोटं कशाला बोलू? गिऱ्हाईक आत शिरलं की मला ओलांडून पुढे बघायचं आणि विचारायचं, "धाकटे आहेत का?" वर्कशॉप माझं, पाटीवर नाव माझं, आणि मी काय दारातला रखवालदार?

मग एकदा त्याच्या हातून कपाटाचं माप चुकलं. बोटभर. दार बसेना. मला काय, आयतंच निमित्त मिळालं. चारचौघांत त्याला असा सोलून काढला की विचारता सोय नाही, आणि त्याच दिवशी फर्निचरच्या कामाच्या मोठ्या टेबलावरून उठवून मागच्या शेडमध्ये बसवला. "थोडे दिवस टार्गेटचे स्टँड कर," म्हटलं. थोडे दिवस म्हणता म्हणता दोन वर्षं झाली.

टार्गेटचे स्टँड म्हणजे सुतारकामातला गाळ. गावाबाहेर नेमबाजीच्या सरावाचं मैदान आहे, तिथला कोच ते आमच्याकडून न्यायचा. मालाच्या खोक्यांची फुकटात मिळालेली लाकडं फोडायची, त्यांची चौकोनी बैठक ठोकायची, बैठकीला दोन खाचा, खाचांत दोन उभ्या पट्ट्या, पट्ट्यांवर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर कागद. गोळ्या खाऊन पट्टी मोडली की दुसरी खोचायची. आठ दिवसांवर एकही टिकत नाही, टिकावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. पण हा शहाणा त्या पट्ट्यांनाही रंधा मारायचा, वर पॉलिशपेपर घासायचा! मी म्हणायचो, "अरे, दिवाणखान्यात मांडायचेत का?" तो नुसता हसायचा. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

त्याला एकच ध्यास होता, मोठं टेबल परत मिळावं. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "दादा, काय केलं म्हणजे मला परत टेबलावर घेशील?"

"महिनाभर न मोडणारी पट्टी करून दाखव. त्या दिवशी टेबल तुझं."

होणारच नाही अशी अट घालताना मला मजा वाटली. तो मात्र कप तसाच हातात धरून विचारात पडला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पट्ट्यांना लोखंड लावायचं नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. का नाही, ते सांगितलं नव्हतं. कोचने मला नीट बजावलं होतं की लाकडातून गोळी आरपार जाते, पण लोखंडावर आपटली तर तिचे तुकडे उलटे येतात. पण धाकट्याला कारणं कशाला द्यायची? "नको म्हटलं ना, मग नको." त्याने आपली समजूत करून घेतली की दादा चिक्कू आहे, खर्च वाचवतोय.

तीन आठवड्यांनी बारा नवे स्टँड तयार झाले. टेम्पोत चढवायला मी पहिलाच उचलला आणि हात खाली आला. खोक्याचं लाकूड एवढं जड नसतं. पट्टी फिरवून फिरवून पाहिली. सांधा नाही, खिळा नाही, काही नाही. पठ्ठ्याने पट्टी आतून कोरून त्यात लोखंडी सळई बसवली होती, वरून लाकडाचा पापुद्रा चिकटवून घासून एकजीव केला होता. मला ते सात जन्मांत जमलं नसतं.

मी तो स्टँड तसाच टेम्पोत चढवला. मनात म्हटलं, कोच प्रत्येक स्टँड चाचपून घेतो. सापडू दे त्याला. सगळ्यांदेखत फेकून देऊ दे. मग बसू दे याला तोंड लपवत.

मैदानावर आम्ही दोघांनीच स्टँड मांडले. कोच आला. एकेका पट्टीवरून बोटं फिरवली, टिचकी मारून पाहिली, मान डोलावली. "आज काम झकास आहे," म्हणाला आणि पुढे गेला. बाराच्या बारा पास! धाकट्याचा चेहरा असा फुलला की मला बघवेना.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. "कोच, थांबा," एवढंच. नेमबाज डोळे जपणारे चष्मे लावून रांगेत उभे राहिले होते, वेळ होता. आणि मी काय केलं? मी टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिलो. धाकटा नेमबाजांच्या पाठीमागच्या दोरीला रेलून, चष्म्याशिवाय, उघड्या डोळ्यांनी, आपली पट्टी टिकते का ते बघत होता.

चौथ्या की पाचव्या गोळीला तो मटकन खाली बसला. उजव्या डोळ्यावर हात, बोटांमधून रक्त. तो ओरडलासुद्धा नाही. मीच ओरडलो.

कोचने पट्टी फोडली आणि आतली सळई माझ्या नाकासमोर धरली. "तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार?" मी आवाज चढवला. "तुम्हीच बोटं फिरवलीत ना? लागला का हाताला सांधा? असं काम अख्ख्या बाजारात दुसऱ्या कुणाला येतं का, विचारा जाऊन!"

आयुष्यात पहिल्यांदा मी भावाची तारीफ केली, तीही स्वतःची कातडी वाचवायला. लाज वाटली का? वाटली. पण शब्द मागे घेतले नाहीत.

डोळा गेला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्याच्या कॉटजवळ बसलो होतो. अर्ध्या तोंडावर पट्ट्या, तरी बोलायचं थांबेना.

"दादा, तू सांगितलं होतंस लोखंड नको म्हणून. मीच ऐकलं नाही."

"ऐकायला हवं होतंस."

"तुला कळलं असतं तर तू टेम्पोत चढवूच दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

त्याने चाचपडत माझा हात धरला. "कोचला म्हणालास ते ऐकलं मी. माझ्या कामाचं. मनापासून म्हणालास, की उगाच?"

"मनापासून."

तो हसला, तेच हसणं. "मग महिन्याची अट राहू दे बाजूला. आता घेशील ना टेबलावर?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं. शपथ घेऊन सांगतो, आलं होतं.

"एका डोळ्याने माप नीट लागत नाही रे," मी म्हटलं. "तू आपले स्टँडच कर."

"बरं, दादा," तो म्हणाला, आणि माझा हात त्याने सोडला नाही.