उलटं वाचलेलं पुस्तक

चारुशीलाबाईंना पुस्तक वाचता येत नाही असं कोणी म्हटलं असतं, तर त्या पोट धरून हसल्या असत्या. साताऱ्याला माहेरी त्या मासिकांतल्या क्रमशः कादंबऱ्यांवर वाढल्या, आणि सांगलीला सासरी आल्यावर वाचनालयाच्या टेबलामागं एकतीस वर्षं बसल्या. कुठल्या बाईला कसली गोष्ट लागते, हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

आता मुलगा हरी साताऱ्याला होता आणि त्याची मुलगी अश्लेषा शिक्षणासाठी आजीकडं राहत होती. मिरजेला फिजिओथेरपीचं तिसरं वर्ष, रोजचं बसनं येणं-जाणं. तिचं राजस नावाच्या मुलाशी जमलंय, हे घरात फक्त आजीला ठाऊक होतं. हरीला कळलं तर तो शिक्षणच बंद करील, अशी दोघींना धास्ती.

राजस होताच लाघवी. तासगावला त्याच्या मामाची बेदाण्याची शेड. येताना पुडा आणायचा, वाकून पाया पडायचा. एकदा अश्लेषा घरात नसताना आला आणि म्हणाला, "आजी, ती फोन उचलत नाही, मला धस्स होतं. तुम्ही नुसतं कळवत जा, निघाली की निघाली, पोचली की पोचली. तिला नका सांगू, हसेल मला."

चारुशीलाबाई विरघळल्या. मासिकांतले नायक असेच असत. रागानं कानफटात मारत, मग त्याच हातानं डोळे पुसत, आणि पुढचा अंक येईपर्यंत गल्लीतल्या मुलींना झोप नसे. त्यांनी रोज कळवायला सुरुवात केली. मोबाइलवर मराठी टाइप करायला त्या नुकत्याच शिकल्या होत्या, त्याचीही हौस होती. आधी 'निघाली', 'पोचली'. मग 'शिवांजलीकडे गेली', 'हिरवा ड्रेस घातलाय'.

इकडं अश्लेषा महिनाभर गप्प गप्प झाली होती. शिवांजलीसकट सगळ्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. परीक्षेचा ताण, असं आजीनं धरून चाललं.

एका दुपारी अश्लेषाच्या टेबलावर एक जाड पुस्तक दिसलं. जपानी चित्रकथा, इंग्रजीत केलेली. आत राजसचं अक्षर: 'हे आपल्यासारखं.' त्यांना ते गोड वाटलं. चष्मा लावून त्या गॅलरीत बसल्या. पहिल्याच पानावर इंग्रजीत कसलीशी सूचना होती. जाहिरात असेल म्हणून त्यांनी पान उलटलं.

सुरुवातच भयंकर होती. अंधारी खोली, मुलीच्या मनगटाला पट्टी, दाराला बाहेरून कडी, आणि तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडणारा देखणा मुलगा. पण पुढं पुढं मुलगी सुटत गेली. तिच्या हातात फोन आला. कापलेले केस लांब झाले. एकेक करून मैत्रिणी परत आल्या, ती कॉलेजात जायला लागली, खळखळून हसायला लागली. शेवटच्या पानावर तोच मुलगा समोरून आला, तर ती अनोळखी माणसाला करावा तसा नमस्कार करून निघून गेली.

संध्याकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "छान आहे गं तुझं पुस्तक. वाघीण निघाली पोरगी. शेवटी ओळखसुद्धा दाखवत नाही त्याला."

अश्लेषानं कप खाली ठेवला. "आजी, उजवीकडून वाचतात ते. तू शेवटाकडून वाचलंस."

ती शेजारी बसली आणि पानं सरळ क्रमानं उलटायला लागली. आता मैत्रिणी एकेक करून नाहीशा झाल्या. केस त्याला आवडले नाहीत म्हणून कापले गेले. फोन फुटला. कडी लागली. मधल्या एका पानावर फाटकाशी एक म्हातारी होती. मुलगा तिला वाकून खाऊचा डबा देत होता आणि ती हसून बोट दाखवत होती. चारुशीलाबाईंना ती मघाशी वाट चुकलेल्याला रस्ता दाखवणारी वाटली होती.

"ही कोण?"

"घरमालकीण. तो तिचा लाडका. पोरगी कुठं लपलीय ते सांगते त्याला."

चारुशीलाबाईंना साताऱ्याची मैत्रीण संयोगिता आठवली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या चिठ्ठ्या त्या स्वतःच पोचवायच्या. रोज कोपऱ्यावर उभा राहतो म्हणून सगळ्याजणी तिचा हेवा करायच्या. लग्नानंतर संयोगिता भेटली तेव्हा, कशी आहेस विचारल्यावर तिनं आधी नवऱ्याकडं पाहिलं होतं.

"मी असली पुस्तकं ढिगानं वाचलीत," अश्लेषा सांगत होती. "आम्ही सगळ्याच वाचतो. वाचताना छाती धडधडते, पण ती गोष्ट आहे हे माहीत असतं. राजसला तेच प्रेम वाटतं. मी त्याला नको म्हटलंय आजी, महिना झाला. तरी जाईन तिथं हजर. परवा बसस्टॉपवर चारचौघांत हात पिरगळला. नंबर बदलला तरी मी कुठं आहे ते त्याला कळतंच. शिवांजलीच सांगत असणार, म्हणून मी तिच्याशी बोलणं तोडलं."

मागं भांडी घासणाऱ्या साळूबाई म्हणाल्या, "मलाबी इचारत व्हता त्यो जिन्यात, ताई कवा येत्यात म्हून. म्या म्हनलं, तुज्या आईला इचार, ती कवा येती."

अश्लेषा हसली. कित्येक दिवसांनी हसली, आणि त्यामुळं चारुशीलाबाईंना तोंड उघडणं आणखी अवघड झालं. गप्प राहिलं असतं तर शिवांजलीवर निभावलं असतं. त्यांनी आपला फोन उघडून नातीपुढं ठेवला.

अश्लेषाचा अंगठा स्क्रीनवरून वर सरकत राहिला.

"हे तू लिहिलंस?"

"काळजी वाटते म्हणाला गं. मला काय ठाऊक, तू नको म्हटलंस ते."

"मला विचारायचं होतंस. हात पिरगळला त्या दिवशी मी हिरव्याच ड्रेसमध्ये होते. गर्दीत लांबून ओळखलं त्यानं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं उठून वडिलांना फोन लावला, दार लावून पाऊण तास बोलली. दुसऱ्या दिवशी हरी गाडी घेऊन आला. शिक्षण बंद करायचं त्यानं नावही काढलं नाही. आधी लेकीला घेऊन पोलीस स्टेशनात गेला आणि मग तिची बॅग उचलली. आईकडं त्यानं पाहिलं नाही.

"मिरजेतच राहणार ना गं? कुठं?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"बाबांना माहीत आहे," अश्लेषा म्हणाली. "तुला नाही सांगत, आजी."

तिसऱ्या दिवशी राजस आला. हातात काही नव्हतं, दाढी वाढलेली. तो पाया पडायला वाकला तशा त्या मागं सरकल्या.

"आजी, कुठं आहे ती?"

"ठाऊक नाही मला."

"तुम्हीसुद्धा असं म्हणणार?"

"खरंच ठाऊक नाही रे. आता जा इथून."

तो गेला नाही. उंबऱ्याशीच खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. लहान मुलासारखे हुंदके, पाठ हलत होती. दोन दिवस जेवलो नाही, म्हणाला. चारुशीलाबाई दार धरून उभ्या होत्या. पुस्तकातलं ते अंधाऱ्या खोलीचं पान त्यांच्या डोळ्यांपुढं लख्ख होतं. सगळं कळत होतं. तरी त्यांचा हात आपोआप पुढं झाला, त्याच्या केसांवरून फिरायला, आणि वीतभर अंतरावर त्यांनी तो कसाबसा आवरला.

नातीनं पत्ता का सांगितला नाही, ते त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी दार लावून घेतलं.