कातळातले तीन खिळे

मी गवंडी. चाळीस वर्षांत माझ्या हातची एक भिंत कललेली कोणी दाखवावी, मी थापी समुद्रात फेकून देईन. म्हणून लेकीचे साहेब बोटीतून उतरल्या उतरल्या म्हणाले, "तुमचा खांब कललाय," तेव्हा माझं डोकंच फिरलं.

खांब टेकडीवरचा. सहा वर्षांपूर्वी मीच कातळात रोवून बांधला. त्याच्या माथ्यावर लेकीच्या कचेरीने थाळीएवढा अँटेना बसवला. उपग्रहांच्या संदेशांवरून त्याची जागा मिलिमीटरपर्यंत कळते, आणि जमिनीखालच्या रेट्याने आमच्या बेटांची माळ किती सरकते ते लेक त्यावरून मोजते. शेजारची बेटं वर्षाला तीन सेंटिमीटर सरकतात, आमचं साडेतीन. साहेबांचं म्हणणं, वरचा अर्धा बेटाचा नाही, खांबाचा. तसं असेल तर आमचं ठाणं बाद, आणि लेकीची सहा वर्षं पाण्यात.

मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, कलला असेल तर मीच तो आकडा खोडेन."

बापाची बाजू घ्यायची सोडून हे. मला फार लागलं.

"मोजा मग," मी म्हणालो. खांब उभा केला की भोवतीच्या कातळात तीन पितळी खिळे ठोकायचे आणि प्रत्येकापासून माथ्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवायचं, ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, या माणसाला स्वतःचाही भरवसा नाही. मी वही आणली, साहेबांनी आपलं यंत्र लावलं. कलला असता तर सहा वर्षांत माथा तीन सेंटिमीटर सरकला असता आणि अंतरं जुळली नसती.

पहिलं अंतर जुळलं, दुसरंही. तिसरं दोन मिलिमीटर कमी भरलं. साहेब म्हणाले, एवढं चालतं. लेक म्हणाली, पुन्हा लावा. दुसऱ्या खेपेला तेही जुळलं.

"खांब जागेवर आहे," साहेब म्हणाले. "बेटच जास्त पळतंय. शेजारच्या बेटांवरच्या खांबांना असे खिळे आहेत का हो?"

"ते मी बांधलेले नाहीत."

टेकडी उतरताना मी लेकीला विचारलं, "एवढं चालतं म्हणत होते ना ते?"

"चाललं असतं. पण उद्या कोणी म्हणालं असतं, बापाचा खांब म्हणून सोडलं."

खांबाचा मला गर्व आहेच. पण त्या घटकेला छाती फुगली ती पोरीमुळे, आणि मी तसं तिला तोंडावर सांगितलं.